पत्रकातली खाज

खाज सुटलेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांइतके निर्लज्ज लोक मी दुसरे पाहिले नाहीत. ताप आलेल्याला लोक विचारतात, आता बरं वाटतंय का. खाज सुटलेल्याला विचारतात, अंघोळ रोज करतेस ना?

माझी खाज दीड वर्षापूर्वी डाव्या मनगटावर सुरू झाली. महाळुंग्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी मराठी टायपिंग करते. दिवसभर भाडेकरार. आमच्या भागातल्या लोकांनी आधी जमिनी विकल्या, मग उरलेल्या तुकड्यावर खोल्या चढवल्या, आणि आता त्या खोल्यांना खिळे ठोकू नयेत हे भाडेकरूंना बजावण्यासाठी ते माझ्याकडे येतात. असाच एक करार टाइप करताना संध्याकाळी पाचच्या सुमाराला मनगट चुणचुणलं. खाजवलं. घरी पोचेपर्यंत कोपरापर्यंत चट्टे उठले होते, लाल, फुगीर, कडेला वेडेवाकडे. सकाळी हात कोरा. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच, या वेळी मानेवर आणि कमरेला, जिथं सलवारीची नाडी बसते तिथं. तेव्हापासून एक संध्याकाळ चुकलेली नाही. आमच्या गावची एसटी या खाजेकडून काही शिकली असती तर बरं झालं असतं.

पहिला डॉक्टर हिंजवडीतला. काचेचा दवाखाना, बाहेर गोऱ्या बाईचा मोठा फोटो, आत केस उगवण्याची आणि नको तिथले केस काढण्याची सोय शेजारी शेजारी. सकाळी अकराची वेळ मिळाली. डॉक्टरांनी माझा हात पाहिला आणि म्हणाले, "इथं तर काहीच नाही."

"संध्याकाळी येतं."

"मग संध्याकाळी या."

संध्याकाळी गेले. कंपन्या सुटायची वेळ, त्यात पुलाखाली एक कॅब बंद पडलेली. पावणेदोन तास मी रिक्षात बसून स्वतःला ओरबाडत होते, आणि दवाखान्यात पोचले तेव्हा चट्टे जवळजवळ बसले होते. मी मोबाइलमधले फोटो दाखवले. त्यांनी ते दोन बोटांनी मोठे करून पाहिले, जणू फ्लॅटचा नकाशा.

"स्ट्रेस? आयटीत आहात का?"

"नाही. झेरॉक्सच्या दुकानात."

त्यांचा चेहरा पडला. झेरॉक्सच्या दुकानात ताण असतो की नाही हे त्यांना शिकवलेलं नसावं. गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि कागदावर एक इंग्रजी शब्द लिहिला, इडिओपॅथिक. मी तो रिक्षात बसून शोधला. अर्थ निघाला, कारण माहीत नाही. मला इतका संताप आला की मी तो कागद चुरगाळला. माहीत नाही म्हणायचं तर मराठीत म्हणा. एवढा लांबलचक शब्द पांघरून बसायची काय गरज?

गोळ्यांनी झोप यायची. चट्टे यायचे ते यायचेच.

गावात मात्र कारण सगळ्यांना माहीत होतं. माझ्या चुलतीनं लांबूनच निदान केलं. "नागीण हाय ती. तोंडाला तोंड भिडलं का माणूस संपतंय." दुसरीनं सांगितलं, पित्त आहे, आमसुलाचं पाणी लाव आणि घोंगडी पांघरून बस. तिसरी आईला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "आदी हिचं लगीन उरका. अंगभर पसरल्यावर कोण करील?" आमसुलाचं पाणी मी लावलं. घोंगडीतही बसले. जिथं खाज नव्हती तिथंही सुटली. हे लिहिताना लाज वाटते, कारण असल्या उपायांना हसण्यावरच माझं बालपण गेलं आहे.

माझे वडील, आबा, पिरंगुटच्या एका कारखान्यात टर्नर होते. पण त्यांचा खरा धंदा पत्रकं. दारूविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, जमिनीच्या दलालांविरुद्ध, आणि एकदा तर शाळेच्या मुतारीला दार नाही म्हणून. मला वाचायला पत्रकांनी शिकवलं. आमच्या घरात फडताळाला पत्रकं, वह्यांना पत्रकांचं कव्हर, पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं. इतर मुलींना झोपताना परीची गोष्ट ऐकायला मिळाली असेल, मला 'बंधूंनो, अजून किती दिवस झोपणार?' ऐकायला मिळालं.

आबांचे नियम दोनच. पहिला, मथळा आधी लिहायचा. लोक मथळाच वाचतात, म्हणून तो पक्का झाला की मजकूर त्याच्या मागं चालवायचा. मथळ्यात प्रश्न असेल तर दुसऱ्या ओळीत उत्तर आलंच पाहिजे, तिसरीपर्यंत कोणी थांबत नाही. दुसरा, चुकीचं छापलं तर दुरुस्तीही छापायची, आणि ज्या हातानं पहिलं वाटलं त्याच हातानं, त्याच दारांत, त्याच क्रमानं दुसरं वाटायचं. मी सहावीत असताना त्यांनी लिहिलं होतं की रेशन दुकानदार गव्हात खडे मिसळतो. नंतर कळलं, पोती गोदामातूनच तशी येत होती. आबा मला सोबत घेऊन दारोदार गेले आणि प्रत्येक उंबऱ्यावर उभे राहून दुरुस्ती मोठ्यानं वाचली. लोक हसत होते. एका बाईनं त्यांना उभं ठेवून आतून नवऱ्याला हाक मारली, ऐकायला. माझ्या मनात आबा तेव्हा जेवढे मोठे झाले तेवढा मोठा माणूस मी नंतर पाहिला नाही. म्हणून पुढचं सगळं जास्त झोंबलं.

गावामागून एक नाला वाहतो. वरच्या अंगाला नवी सोसायटी झाली. तिच्या जाहिरातीत निसर्गाच्या कुशीत असं लिहिलेलं आहे आणि तिचं मैलापाणी त्याच कुशीत सोडलेलं आहे. नाल्याला फेस येतो. वास तर असा की दुपारी मागचं दार उघडवत नाही. नाल्याच्या काठाला विहीर आहे आणि तिचं पाणी आमच्या टाक्यांत चढतं. आबांनी यावर दोन वर्षांत तीन पत्रकं काढली. गावानं त्यांत भेळ खाल्ली. नाला घाण आहे हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण बोंब झाली तर खोल्यांना भाडेकरू मिळणार नाहीत ही भीती. आमचे बरेचसे भाडेकरू मराठी वाचतही नाहीत, एवढाही विचार या धास्तावलेल्या घरमालकांनी केला नाही.

आणि मग माझे हात आले.

कल्पना माझीच. आबांनी फक्त मान डोलावली, पण इतक्या जोरात की चष्मा खाली आला. मी दुकानात बसून मथळा टाइप केला, 'ही खाज कुठून आली?' दुसरी ओळ, 'नाल्यातून.' पुढचा मजकूर आपोआप त्यामागं चालत गेला. माझ्या हाताचा फोटो वर टाकला. शेवटी लिहिलं, येत्या ग्रामसभेत नाल्याचा ठराव झालाच पाहिजे. अर्ध्या तासात काम झालं. घरात तेच पाणी आईच्या अंगावर, आबांच्या अंगावर पडतं आणि त्यांना एक पुटकुळीही नाही, हा विचार त्या अर्ध्या तासात मला शिवला नाही. मथळा पक्का झाला होता ना.

पत्रक वाटायला मी एकटी निघाले. सरपंच ओट्यावर बसले होते. फोटो निरखून म्हणाले, "मलम लाव की गं. पत्रकं लावून खाज जातीय व्हय?" बाजूचे चौघे हसले. सरपंचांच्या भावानं सोसायटीला वाळू पुरवली होती, तेव्हा त्या हसण्याला काही अर्थ होता. बाकीचे कशाला हसले?

पण दोन दिवसांत नवल झालं. आमच्या दारात माणसं येऊ लागली, आपापली कातडी घेऊन. एकानं मांडीवरचं गजकर्ण दाखवलं, एकीनं घामोळं, एकानं न्हाव्याकडून आणलेला मानेवरचा नायटा. सगळं नाल्यावर घातलं गेलं. आबा वहीत लिहून घेत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. त्या नायट्याला मी न्हाव्याच्या वस्तऱ्यासकट ओळखत होते. गप्प बसले. संख्या वाढत होती.

गावात ज्यानं पत्रक खरोखर ऐकलं असा माणूस एकच होता, वाडीवरचा मेंढपाळ. मी त्याला मामा म्हणते. चाळीसेक मेंढरं, पाचसहा शेळ्या, मधूनअधून बांधकामावर मजुरी. मी त्याच्या पालापाशी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याला वाचता येत नाही. म्हणाला, "वाचून दाव." मी वाचलं. मग त्यानं माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. लोकर बाजूला सारून मेंढीची कातडी बघतात तसा अंगठ्यानं चट्टा ताणून बघितला. काचेच्या दवाखान्यात कोणी माझा हात इतका वेळ धरला नव्हता.

"लई खाजवतं?"

"लई."

"माझी मेंढरं तेच पानी पित्यात. अजून तरी कायबी न्हाई." मग म्हणाला, "पर तू शिकल्याली हायेस. तू म्हन्तीस तर आसंल. एकदा का कळपात खाज शिरली तर लोकर जाती आन मेंढरूबी जातं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कळप नाल्यावर न्यायचं बंद केलं. कासारसाईच्या धरणाकडं नेऊ लागला, मोठा रस्ता ओलांडून. मला केवढा अभिमान वाटला. एका माणसानं तरी ऐकलं.

पुढच्या आठवड्यात पौडच्या मावशीचं ऑपरेशन झालं आणि तिच्या घरी मला तीन आठवडे राहावं लागलं. दुसरं गाव, दुसरं पाणी. पहिले दोन दिवस मावशीच्या धावपळीत घड्याळाकडं लक्षच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी तिच्यासाठी पेज ढवळत होते आणि मनगट चुणचुणलं. मी स्वतःला सांगितलं, अंगातलं जुनं पाणी असेल. आठव्या दिवशी सांगितलं, घरून आणलेल्या कपड्यांत असेल, आणि सगळे कपडे उकळले. बाराव्या दिवशी मी मावशीचे कपडे घालून, मावशीच्या साबणानं न्हाऊन, मावशीच्या अंथरुणावर बसून खाजवत होते. तिसऱ्या आठवड्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. मावशी खाटेवरून बघत होती. म्हणाली, "तुमच्या नाल्यानं लईच लांबवर हात मारला."

आबांचा रोज फोन यायचा. ग्रामसभा जवळ आली होती. मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

घरी परतले तर आईनं भाकरी थापता थापता बातमी दिली. मेंढपाळाच्या एका गाभण मेंढीला कासारसाईला जाताना कंपनीच्या कॅबनं उडवलं. मागचा पाय मोडला. कॅबवाला थांबलासुद्धा नाही. "कशाला न्हेतोय तिकडं कोन जाने," आई म्हणाली. तो कशाला नेतोय हे या गावात मला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी आबांना पौडचं सगळं सांगितलं. ते ग्रामसभेसाठी नावांची यादी नीट लिहून काढत होते. पेन थांबलं नाही.

"दुरुस्ती काढायची आबा."

"काढू की. सभा हून जाऊ दे."

"सभेच्या आधी."

आता पेन थांबलं. "नाला घान हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग खाज कशाची का आसंना. लोक नाल्याला उठत न्हाईत, तुज्या हाताला उठलेत. उठू दे."

"तुमी रेशनवाल्याची दुरुस्ती दारोदार वाचली व्हती. मी व्हते संगं."

"व्हय. आन त्या दुकानदारानं नंतर खरंच खडे मिसळले, तवा माझ्यावर इस्वास ठिवायला गावात कोन उरलं न्हवतं. ते तुला न्हाई सांगितलं."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर उभी होते तिचा अर्धा भाग त्यांनी कापून ठेवला होता. पत्रकात बसत नव्हता म्हणून. मला त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला तिरस्कार वाटला, आणि तो वाटताना मी मनगट खाजवत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात दुरुस्ती टाइप केली. मथळा सुचेना. शेवटी मजकूर आधी लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा. 'माझ्या अंगावरची खाज नाल्याच्या पाण्यामुळे आहे असं मी लिहिलं होतं. तीन आठवडे ते पाणी अंगाला न लावता खाज तशीच राहिली. तिचं कारण मला माहीत नाही. नाल्यात मैलापाणी सोडलं जातं हे मात्र खरं आहे, ते डोळ्यांना दिसतं, आणि ते थांबलं पाहिजे.' वर 'चूक-दुरुस्ती' लिहिलं आणि प्रती काढल्या.

त्याच दारांत गेले, त्याच क्रमानं. गजकर्णवाला चिडला. "मंग आमची खाज काय खोटी?" घामोळंवाली म्हणाली, माझं तर नाल्यामुळंच आहे, तू तुझं बघ. सरपंचांनी दुरुस्ती दोनदा वाचली आणि आणखी दहा प्रती मागितल्या. गेल्या दहा वर्षांत आमच्या घरच्या पत्रकाच्या जादा प्रती मागणारा हा पहिला वाचक. मी दिल्या. मागेल त्याला द्यायच्या, हाही आबांचाच शिरस्ता.

ग्रामसभेत सरपंचांनी त्यातली एक प्रत वाचून दाखवली, माहीत नाही या शब्दांवर बोट ठेवून. मी उठून म्हणाले, चौथी ओळही वाचा. त्यांनी वाचली, देवळात घाईनं आरती म्हणतात तशी. मग आबा उठले. यादी त्यांनी खिशातच ठेवली. नाल्यावर बोलले, वासावर बोलले, फेसावर बोलले, खाजेचं नाव काढलं नाही. कोणी ऐकत नव्हतं. विषय पुढच्या सभेवर गेला. घाण डोळ्यांसमोर वाहते, नाकात जाते, तरी या माणसांना ती खरी वाटण्यासाठी कोणाचं तरी कातडं सोलून दाखवावं लागतं, आणि ते कातडं बिनकामाचं निघालं की घाणही नाहीशी होते. सभेनंतर चहा होता. सगळ्यांनी प्याला, त्याच विहिरीच्या पाण्याचा.

एक दार राहिलं होतं. मेंढपाळाला दार नाही, पाल आहे, आणि तो त्या दिवसांत कोणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायला गेला आहे असं मी ऐकलं होतं, खतासाठी बसवतात तशी. हे मी स्वतःला चार दिवस सांगत राहिले. शेत दीड किलोमीटरवर होतं. खरं सांगायचं तर दुरुस्ती ऐकून ज्याचं काही बिघडणार होतं असा तोच होता, बाकीच्यांची करमणूक झाली. त्या चार दिवसांत त्यानं रोज दोनदा तो रस्ता ओलांडला.

पाचव्या दिवशी दुकानातून लवकर निघून गेले. मेंढी बांधाला आडवी पडली होती, पायाला कामट्या बांधलेल्या. तो तिच्याजवळ बसून चिंधी फाडत होता.

"आलीस? वाच," तो म्हणाला. हातात कागद दिसला की तो वाचायलाच सांगतो.

मी वाचलं. उभी राहून, मोठ्यानं. कारण मला माहीत नाही, ही ओळसुद्धा तितक्याच मोठ्यानं. तो चिंध्या फाडत राहिला. मग म्हणाला, "मंग आता नाल्याचं पानी पाजू का नगं?"

"घान हाय मामा. पर खाज त्यानं व्हती असं मला सांगता येत न्हाई."

"मंजी तुला ठावं न्हाई."

"न्हाई."

"डाक्टरला?"

"त्यालाबी न्हाई."

"मंग तू आन डाक्टर सारकंच." त्यानं हे चिडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. डॉक्टरांचा चुरगाळलेला तो कागद मला आठवला. त्या माणसानं निदान पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं.

"ती ओळ आदी घालायची व्हती," तो म्हणाला. "ठावं न्हाई म्हन्ली अस्तीस तर मी कळप नाल्यावरच ठिवला अस्ता. वास येतुया, पर मदी रस्ता न्हाई." मग कळपाकडं बघून, "उद्यापासनं तितंच न्हेतो."

घाणीत परत. माझ्या दोन पत्रकांनी मिळून एवढं काम केलं. मी काहीतरी म्हणणार होते, नाल्याचं, पुढच्या सभेचं. मला माझाच आवाज ऐकू यायच्या आधी किळस आली.

"बस हितं," तो म्हणाला. "कामट्या ढिल्या झाल्यात. पाय धर. दोनी हातानं. झटका दील, सोडू नगंस."

मी बसले. मेंढीचा पाय गरम होता आणि खालच्या बाजूला सुजलेला. त्यानं जुनी चिंधी सोडली तशी ती पूर्ण अंगानं थरथरली. मी घट्ट धरलं. तेवढ्यात डावं मनगट चुणचुणलं. घड्याळ बघायची गरज नव्हती. खाज कोपराकडं सरकली, मग दंडावर, मग मानेवर, नेहमीच्या वाटेनं. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं.

"आलं बघ तुजं," तो म्हणाला, आणि नवी चिंधी गुंडाळू लागला, सावकाश, एकेक वेढा अंगठ्यानं दाबून. लोकर माझ्या हातांना लागत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाजत होतं. त्याला अजून बरेच वेढे घालायचे होते. मी हात सोडले नाहीत.